कुठेही बसणारा तुकडा

हरेश्वर कोळी माणसांना सरकवायचा.

तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून आपलं काम सांगत असायचात, रंगीत हवं की साधं, कागद कुठला, मिळणार कधी, आणि मध्येच तो दोन बोटांनी तुमचा दंड धरून तुम्हाला जरासं डावीकडे सरकवायचा. मग मान तिरकी करून बघायचा. समाधान झालं नाही तर चिमूटभर उजवीकडे. मग म्हणायचा, "हां, आता बोला." बायकांना तो हात लावत नसे. त्यांना फूटपट्टीच्या टोकाने जागा दाखवायचा. मी नोकरीसाठी भेटायला गेले त्या दिवशी फूटपट्टी माझ्यावरही चालली. नोकरी हवी होती म्हणून मी मुकाट्याने सरकले. पुढे ओळख झाल्यावर एकदा विचारलं, "काय अडत होतं रे दादा माझं तिथे?" तर म्हणाला, "कॅलेंडर अर्दं झाकलं होतंस, बाय. डोल्यात खुपत होतं."

वाशीच्या एका शॉपिंग सेंटरात पहिल्या मजल्यावर आमचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, व्हिजिटिंग कार्डं कॉम्प्युटरवर जुळवून द्यायची, हा धंदा. नव्वदीतले दिवस होते, कॉम्प्युटरला लोक अजून घाबरून असत. खोलीत एसी होता तो कॉम्प्युटरसाठी, आम्हाला थंडी वाजली तर शाल आणायची. धूळ आत येऊ नये म्हणून चपला बाहेर. मालक नवीनशेठ. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण प्रत्येक कामाकडे मागून बघून ते "थोडा बडा करो" एवढं मात्र म्हणत. मी मराठी टायपिंगला आणि हरेश्वर चित्रांना. तो पस्तिशीचा, बिनलग्नाचा, बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला बाय. वर्षा हे माझं नाव त्याने कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

हा माणूस खुर्चीवर बसायचा नाही. खुर्ची होती, पण तिच्यावर त्याचा डबा बसायचा. तो उभ्याने माऊस फिरवायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. त्यातून त्या वेळचे कॉम्प्युटर भारी संथ. एक रेघ हलवली की अख्खं चित्र पुसलं जायचं आणि वरून खाली सावकाश पुन्हा उमटायचं. तेवढ्यात बाकीची माणसं जांभई देतात. हरेश्वर बाहेर जायचा. गॅलरीतल्या चपला उंचीप्रमाणे लावायचा, समोरच्या शिंप्याची पाटी सरळ करायचा, जिन्यात उभ्या असलेल्या कुणाला तरी सरकवायचा आणि परत यायचा. तोवर चित्र उमटून त्याची वाट बघत असायचं. मग बाणाची कळ दाबून त्यातली एखादी वस्तू केसभर सरकवायची की पुन्हा पुसलं, पुन्हा बाहेर. नवीनशेठ कपाळाला हात लावायचे. "अरे, एक जगह टिक ना बाबा!" आणि हरेश्वरचं उत्तर ठरलेलं, "जमल शेठ, जमल. जरा सरकवला का जमल."

त्याची चित्रं रंगाने काढलेली नसत, रेघांनी बांधलेली असत. रेघेवर जागोजाग बारीक चौकोनी ठिपके. ठिपका धरून ओढला की रेघ वाकते. फोटो मोठा केला की त्याची पार रांगोळी होते. हे चित्र मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करा नाही तर भिंतीएवढं, कड तशीच धारदार. हरेश्वरला त्या ठिपक्यांचं वेड होतं. नवीनशेठच्या लेटरहेडवरच्या गणपतीची सोंड तो मी तिथे असेपर्यंत सुधारत होता.

पण खरं वेड होतं ते तुकड्यांचं. लहान मुलांचं तुकडे जुळवायचं कोडं असतं ना, ज्यात प्रत्येक तुकड्याला कुठे गोल कान बाहेर आलेला आणि कुठे खळगा आत गेलेला, तसे तो दिसेल त्या चित्राचे तुकडे करायचा. एका बाजूच्या कडेला उजेड, दुसऱ्या कडेला काळोख, म्हणजे तुकडा कागदावरून वर उचलल्यासारखा दिसे. आणि एक तुकडा नेहमी बाजूला काढून तिरका ठेवलेला, खाली करड्या रंगाची सावली. पहिल्यांदा बघताना माणूस हरखून जायचा, हे मी कबूल करते. माणूस सावलीला बोट लावून बघायचा. पण ते प्रत्येक कामावर?

एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. हरेश्वरने वधूवरांचं चित्र काढलं, त्याचे तुकडे केले आणि वधूचा तुकडा बाजूला काढला. गृहस्थ स्क्रीनकडे बघून हादरलेच. "अहो, हे लग्न जमवता जमवता माझे जोडे झिजले, आणि तुम्ही छापायच्या आधीच मोडून ठेवलंत?"

"मोडत नाय काका, जुलतंय," हरेश्वर म्हणाला. "बगा ना, नवरी येतेय आत."

"येतेय की जातेय?"

हरेश्वरने मान तिरकी केली, विचार केला आणि वधूला केसभर आत सरकवलं. गृहस्थ दुसऱ्या सेंटरात गेले.

खारघरला तेव्हा नुसतं माळरान आणि चिखल. तिथल्या एका बिल्डरला उभ्या न राहिलेल्या इमारतीचं माहितीपत्रक हवं होतं. हरेश्वरने इमारतीचे तुकडे केले आणि सगळ्यात वरचा मजला काढून शेजारी ठेवला. बिल्डरने विचारलं, "हा मजला कुठे चाललाय?" हरेश्वर अगदी निरागसपणे म्हणाला, "त्याची परवानगी आली का तुमची?" तोही बिल्डर पुन्हा दिसला नाही. खूश झाले ते एक दातांचे डॉक्टर. त्यांच्या कार्डावर बत्तिशीचे तुकडे होते आणि एक दाढ सावलीसकट बाहेर आलेली होती.

हे सगळं खूळ कशासाठी, ते मला हळूहळू कळलं. दुपारी डबा खाऊन झाला की हरेश्वर सकाळी केलेले तुकडे मोठे करून छापायचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि ब्लेडने कापत बसायचा. बसायचा म्हणजे उभाच. कापलेले तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून घरी न्यायचा. आणि सकाळी आल्या आल्या म्हणायचा, "नापास." मी विचारलं, "कुणी नापास केलं?" तर म्हणाला, "घरी एक गिऱ्हाईक हाय. लय कडक."

ते गिऱ्हाईक म्हणजे त्याची आई, हिराबाई.

हिराबाई बेलापूरच्या बाजारात मासे विकायच्या. आपण चुकलो असं त्यांनी उभ्या आयुष्यात कबूल केलं नव्हतं, असं हरेश्वर अभिमानाने सांगायचा. एकदा चुकीच्या बसमध्ये बसून त्या पनवेलला जाऊन उतरल्या, तर मला पनवेललाच यायचं होतं म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिथल्या बाजारात हिंडून आल्या. मुलाशी त्यांचं बोलणं बेताचंच. वडील गेलेले, घरात दोघंच, पण हरेश्वर घरात असायचाच कुठे? कामावरून सुटला की नाका, जेट्टी, कुणाचा तरी ओटा. जेवायला घरी आणि हात धुऊन पुन्हा बाहेर. "आयसच्या समोर काय करू जाऊन? ती ओरडनार, मी ऐकनार," असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी गणपती गेले आणि हिराबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी बजावलं, बोटांना रोज काम द्या, बारीक वस्तू उचलायला लावा, आत्ता जमलं तर जमलं, नाही तर हा हात गेलाच म्हणून समजा. एवढं एकच हरेश्वरच्या डोक्यात बसलं. आईचा हात. त्याने रबरी चेंडू आणला, हिराबाईंनी डाव्या हाताने तो कुत्र्याला टाकला. वाटाणे दिले सोलायला, ते त्यांनी शेजारणीकडून सोलून घेतले. मग त्याला हे तुकड्यांचं सुचलं. पोरांचं कोडं विकत आणलं असतं तर त्यावर ससे आणि परीराण्या. त्याने स्वतः चित्र काढलं, पापलेटचं. सबंध रविवार ऑफिसात येऊन काढलं. खवले, पर, शेपटी, सगळं. मोजके मोठाले तुकडे केले आणि आईसमोर मांडले. हिराबाईंनी चित्राकडे एकदा बघितलं आणि झटका आल्यापासूनचा त्यांचा पहिला स्पष्ट शब्द तोंडातून बाहेर पडला.

"शिला!"

मासा शिळा होता. डोळा पांढरट पडला होता म्हणे. हरेश्वर सोमवारी नाचतच आला. "बोलली बाय, आयस बोलली! शिला बोलली!" आणि दिवसभर त्याने त्या पापलेटचा डोळा काळाभोर केला, कल्ले लाल केले, अंगावर चंदेरी झाक आणली. एवढा ताजा पापलेट मी बाजारातसुद्धा बघितला नव्हता. हिराबाईंनी मासा पास केला.

पण तुकडे नापास. अडचण अशी की हिराबाईंच्या मते त्यांनी उचललेला तुकडा जिथे ठेवला तिथेच बसायला पाहिजे. नाही बसला तर तुकडा चुकला. चुकलेला तुकडा त्या अंगणात भिरकावत, आणि तेही डाव्या हाताने, म्हणजे उजव्या हाताचं काम राहिलं बाजूला. मग हरेश्वर कंदील घेऊन अंगणात कान शोधत फिरणार. रोज त्याचं नवीन चालायचं. कान मोठा करून बघ, खळगा ढिला करून बघ, पुठ्ठा जाड कर. आणि कान नीट दिसतो का हे बघायला समोर आलेल्या गिऱ्हाइकाचं काम होतंच. आमच्या गिऱ्हाइकांची लग्नं आणि दाढा ही सगळी त्याच्या आईच्या हाताची तालीम होती. हे कळल्यावर मी त्याला टोकायचं सोडून दिलं. फूटपट्टी दिसली की आपणहून सरकायला लागले.

मग एके दिवशी सकाळी तो आला तो "नापास" म्हणालाच नाही. गालातल्या गालात हसत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काल सगला लावला. उजव्या हाताने. एक पन टाकला नाय." कसं काय जमलं ते मात्र सांगेना.

ह्याच सुमाराला अभ्यंकर आले. रबाळ्याला त्यांचा पुठ्ठ्याच्या खेळण्यांचा छोटा कारखाना होता. साठीचे, खादीचा शर्ट, आणि दर दुसऱ्या वाक्यात "शैक्षणिकदृष्ट्या". त्यांना मराठी मुळाक्षरांचं तुकड्यांचं कोडं काढायचं होतं, 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत. अक्षराचा तुकडा आपल्या क्रमाच्या जागीच बसेल, दुसरीकडे बसणारच नाही. मूल चुकेल, पुन्हा बघेल, शिकेल. आम्ही कापायच्या रेघा काढून द्यायच्या. त्या रेघांप्रमाणे पोलादी पट्टी वाकवून साचा करतात, आणि एकदा साचा झाला की पुढचे सगळे पुठ्ठे त्याच रेघांवर कापले जातात. म्हणजे रेघ चुकली की संपलं.

नवीनशेठना हे काम हवंच होतं. खालच्या मजल्यावर रंगीत प्रिंटरवालं नवं सेंटर निघालं होतं आणि जी गिऱ्हाइकं हरेश्वरने पळवून लावली ती तिथे जमली होती. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "ये काम बिगडा तो तेरा छुट्टी. समझा?"

हरेश्वरने जीव ओतून काम केलं. प्रत्येक कान वेगळा. एक बुटका, एक लांबुडका, एक डावीकडे कललेला. 'ठ'चा तुकडा 'ढ'च्या जागी घुसू बघेल म्हणून त्याला मुद्दाम रुंद मान. पण सरकवायची सवय जाते कुठे? काम झालं की त्याचं नाव 'फायनल'. दुसऱ्या दिवशी एक कान सरकवला की 'फायनल टू'. मग 'लास्ट', 'लास्ट लास्ट', 'खरा लास्ट'. मशीन आठ अक्षरांहून लांब नाव घेत नसे, त्यामुळे फ्लॉप्यांवर काय काय नावं होती ते देवाला ठाऊक. फ्लॉप्यांचा डबा तो रोज घरी घेऊन जायचा. ऑफिसला आग लागली तर, असं म्हणून. शेवटी एक फ्लॉपी रबाळ्याला गेली.

थोड्या दिवसांनी अभ्यंकर आले ते एक खोकं छातीशी धरून. चपला न काढता आत आले, तेव्हाच मला शंका आली. खोकं टेबलावर उलटं केलं, अक्षरांच्या तुकड्यांचा ढीग पडला.

"लावा," ते नवीनशेठना म्हणाले.

नवीनशेठना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी हाताला येतील ते तुकडे लावले आणि सगळे बसले. छान, घट्ट. "बढिया है!" ते म्हणाले.

"बढिया? 'ज्ञ' कुठे बसलाय बघा! पहिल्याच घरात! आणि 'क' आडवा झोपलाय!" अभ्यंकरांनी सगळं मोडलं, डोळे मिटून तुकडे उचलले आणि लावत सुटले. "हा बघा, बसला. हाही बसला. 'भ' आणि 'ट' शेजारी, बसले! काहीही कुठेही बसतं! शैक्षणिकदृष्ट्या हा... हा अनाचार आहे!" माझ्याच्याने राहवलं नाही. मीही एक तुकडा उचलला आणि भलत्याच जागी लावून बघितला. थोडा फिरवला की खटकन बसला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

हरेश्वर दारात उभा होता. मला वाटलं, आता हा पाया पडेल. तो पुढे आला, एक तुकडा उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"काय कापलाय! साहेब, ह्याचा पुट्टा किती जाड हाय?"

"तुम्ही काय केलंत हे?" अभ्यंकर ओरडले.

"चुकून दुसरी फ्लॉपी आली तुमच्याकडं. ही माज्या आयसची हाय, तुमच्याच मापावर केलेली." आणि तो त्यांना समजावून सांगायला लागला, अगदी मायेने. "हे बगा, परत्येकाला दोन कान समोरासमोर, दोन खल्गे समोरासमोर. सगले सारखे. एक आडवा ठेवला का शेजारचा उबा. नाय बसला तर फिरवायचा, बसतोच. कुटलाबी तुकडा कुटंबी. चुकायची सोयच ठेवली नाय."

"अहो, पण मग शिकायचं काय?"

"शिकायचं नाय साहेब. हात हलवायचा."

मला सगळं कळलं होतं, ते दोघं मात्र ह्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघत होते. हरेश्वरने जीभ चावली, चेहरा शक्य तेवढा पाडला आणि म्हणाला, "चुकलं माजं. पन ह्यातला एक खोका मना देता? माजा घरचा पुट्टा मऊ पडलाय, कान दुमडतात. तिला पकडायला तरास होतो." अभ्यंकरांनी खोकं त्याच्या अंगावर ढकललं. नवीनशेठ म्हणाले, "कल से मत आना." हरेश्वरने तुकडे भरले, डबा घेतला, फ्लॉप्यांचा डबा घेतला आणि गेला. जाताना अभ्यंकरांना दारातून जरा बाजूला सरकवून गेला.

तो गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की खरी फ्लॉपी त्याच्याबरोबर गेली. आणि समजा नसती गेली तरी 'लास्ट', 'लास्ट लास्ट' आणि 'खरा लास्ट' ह्यातलं खरं काय हे सांगणार कोण? नवीनशेठनी मला विचारलं. मी हात वर केले. अभ्यंकरांना दोन दिवसांत नव्या साच्यासाठी रेघा हव्या होत्या, नाही तर ते खालच्या सेंटरात जाणार होते. नवीनशेठनी लेटरहेडवरच्या गणपतीच्या सोंडेकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "वर्षा, तू बेलापूरला राहतेस ना? जाताना त्याच्या घरी जा. बोल, कल टाइम पे आ." अशी त्याची गेलेली नोकरी चहा पिऊन व्हायच्या आत परत आली.

दिवाळ्याला मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. गल्लीत बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले, त्यांच्याखालून वाकून जावं लागलं. एका बाईने न विचारता घर दाखवलं. "तुकडेवाल्याचा ना? तो काय."

दार उघडं होतं. मी चौकटीतच थबकले. हरेश्वर जमिनीवर मांडी घालून बसला होता. पाय हलत नव्हता, मान वळत नव्हती. मी येऊन उभी राहिले ते त्याला कळलंही नाही. समोर पाटावर नवं कोडं होतं. रबाळ्याच्या त्या पुठ्ठ्यावर त्याने पापलेट चिकटवून, रेघांवरून ब्लेड फिरवून तुकडे मोकळे केले होते. 'क' आणि 'ज्ञ' आता माशाच्या पोटाखाली होते. शेजारी हिराबाई, भिंतीला टेकून, नऊवारीचा पदर खोचलेला, नाकात मोठी नथ. उजव्या हाताने त्यांनी एक तुकडा उचलला. हात थरथरत होता. तुकडा पाटावर आला, इकडे तिकडे अडखळला, फिरला आणि बसला. माशाचा डोळा शेपटीशेजारी बसला होता.

"बरोबर!" हरेश्वर ओरडला. "आयस, एकदम बरोबर!"

हिराबाईंनी मान ताठ केली. त्यात नवल ते काय, असा चेहरा.

मग त्याने मला बघितलं. मी निरोप सांगितला. "शेठ बोलवतायत? मग राग गेला वाटतं," एवढंच तो म्हणाला. नोकरी गेली होती हे त्याच्या फारसं लक्षात आलेलं दिसत नव्हतं. फ्लॉपी हवी म्हटल्यावर तो शिडीने माळ्यावर चढला. वर डबे पालथे व्हायला लागले. "बाय, त्याच्यावर काय लिवलंय? लास्ट का खरा लास्ट?"

"ते तूच बघ रे दादा!"

खाली आम्ही दोघी. पाटावर डोळा शेपटीशी, तोंड पोटात, असा तो मासा पडलेला. मला राहवेना, मी डोळ्याचा तुकडा उचलायला हात पुढे केला. हिराबाईंनी माझ्या हातावर फटका मारला. उजव्या हाताने. चांगला लागला.

मग त्यांनी वर माळ्याकडे एकदा बघितलं. आणि त्याच हाताने, काही न अडखळता, सगळा मासा मोडला आणि जुळवायला लागल्या. डोळा डोळ्याच्या जागी. कल्ला. पोट. पर. बोटं थोडी कापत होती, पण एक तुकडा चुकला नाही की फिरवून बघावा लागला नाही. शेपटी लावून झाली तेव्हा पाटावर सबंध पापलेट चमकत होता, ताजा. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. डॉक्टरांना हवं होतं ते झालं होतं. कधी झालं होतं, कोण जाणे.

"अहो, तुम्हाला येतंय!" मी म्हणाले. "दादाला हाक मारू? किती आनंद होईल त्याला!"

त्यांनी माझं मनगट धरलं. ओठ हलले, जिभेला शब्द उचलायला वेळ लागला.

"सांगू नको," त्या म्हणाल्या. "मंग थांबायचा नाय घरात."

मी मान डोलावली. माळ्यावरून एक डबा आपटल्याचा आवाज आला, मग हरेश्वरचा आनंदाचा आरडाओरडा, आणि शिडीवर त्याचे पाय दिसले. हिराबाईंनी तळहाताने मासा विस्कटून टाकला. तो खाली उतरून त्यांच्याशेजारी येऊन बसेपर्यंत त्यांच्या बोटांत शेपटीचा तुकडा होता, आणि हात चांगलाच थरथरत होता.

"कुटं रं हा?" त्यांनी विचारलं.

"कुटंबी ठेव, आयस. जमल."

त्यांनी तो डोळ्याशेजारी ठेवला. हरेश्वरने टाळी वाजवली. हिराबाईंनी माझ्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही.